नाटक बघायला मुंबई गाठावी लागते, म्हणून ही पोस्ट

पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा. ज्यांना वेळ नाही त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकतो. परवाच्या रविवारी मी माझ्या ७४ वर्षांच्या आत्याला नाटक दाखवायला मुंबईला घेऊन गेलो होतो, कारण आपल्या गावातलं नाट्यगृह चार वर्षं झाली 'दुरुस्तीसाठी बंद' आहे. बाकीचं सगळं याच वाक्याचा विस्तार आहे.

आत्याला तुमच्यापैकी बरेच जण ओळखतात. काही जणांनी तिच्या हातच्या छड्याही खाल्ल्यात. आपलं नाट्यगृह चालू होतं तेव्हा चौथ्या रांगेतली कडेची खुर्ची तिची असायची, गुडघा लांब करता येतो म्हणून. गेल्या वर्षी त्याच गुडघ्याचं ऑपरेशन झालं. फिरायला लागल्यावर मी तिला म्हटलं, "आत्या, आता सांग, कुठं जायचं?" मला वाटलं नृसिंहवाडी म्हणेल, फार तर पंढरपूर. ती म्हणाली, "एक नाटक बघायचंय. मोबाईलवर नको. पडदा वर जाताना समोर बसून बघायचंय."

आता आली का पंचाईत?

आपलं बंद. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं. शाहू महाराजांच्या काळात, १९१५ साली उभं राहिलेलं नाट्यगृह एका रात्रीत गेलं, आणि दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. ते फोटो तुम्हीही बघितलेत. पेपरात जाहिराती चाळल्या. आत्याच्या सवडीच्या रविवारी हवं ते नाटक होतं ते दादरला, शिवाजी मंदिरात. मग काय, मिरजेहून महालक्ष्मी. शनिवारी रात्री बसायचं, रविवारी सकाळी मुंबई, दुपारचा प्रयोग, रात्रीची परतीची गाडी. हॉटेलचा खर्च नाही. एक पिशवी, दोन पाण्याच्या बाटल्या, आत्याची काठी.

प्रयोग दुपारी साडेतीनचा. गाडी सकाळीच छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला टेकलेली. मधले तास काढायचे कसे? आत्या म्हणाली, "चल की, मुंबई बघू. डॉक्टरांनी चालायला सांगितलंयच." म्हणून चाललो. त्या चालण्यात जे दिसलं ते सांगितल्याशिवाय माझा मुद्दा पुरा होणार नाही, म्हणून ते आधी.

स्टेशनच्या बाहेर येऊन रस्ता ओलांडला आणि मागे वळून बघितलं. एरवी आपण गाडी पकडायच्या घाईत असतो, मान वर करत नाही. घुमट, कमानी, दगडात कोरलेली पानं, माकडं, मोर. फ्रेडरिक स्टीव्हन्सने आखलेली ही इमारत बांधायला १८७८ पासून दहा वर्षं लागली. २००४ साली युनेस्कोने तिला जागतिक वारशात घेतलं. पण मला वारशापेक्षा दुसरंच दिसलं. रविवार असूनही आत-बाहेर माणसांची रीघ लागलेली. म्हणजे सव्वाशेहून जास्त वर्षांची इमारत रोज लाखो लोकांचे पाय झेलते आणि तरी ताठ उभी आहे. समोर महापालिकेची इमारत, तीही स्टीव्हन्सचीच, १८९३ ची. तिथे आजही कारभार चालतो.

पुढे दादाभाई नौरोजी रोड. तिथल्या जुन्या इमारतींना खाली कमानींचे व्हरांडे आहेत, चालणाऱ्याला ऊन-पाऊस लागू नये म्हणून. रविवारी फोर्ट रिकामं असतं, त्यामुळे आत्याला काठी टेकत मजेत चालता आलं. हुतात्मा चौकात थांबलो. तिने चप्पल काढून स्मारकाला हात जोडले. तिच्या लहानपणी आमच्या घरात संयुक्त महाराष्ट्राच्या सभांच्या गोष्टी चालायच्या. म्हणाली, "मुंबई मिळावी म्हणून आपल्याकडची माणसं पण लढली होती बरं का." मी मनात म्हटलं, मुंबई महाराष्ट्राला मिळाली खरी, पण मुंबईत जे मिळतं ते उरलेल्या महाराष्ट्राला कधी मिळणार?

एशियाटिकच्या पायऱ्यांवर अर्धा तास बसलो. ही इमारत १८३३ ची, जुना टाउन हॉल. आत नाना शंकरशेट यांचा पुतळा आहे. नानांचं नाव आपल्याला रेल्वेमुळे माहीत असतं. पण ग्रँट रोडला जे जुनं थिएटर होतं, ते उभं राहण्यामागेही नानांचा हात होता. त्याच थिएटरात १८५३ साली आपल्या सांगलीच्या विष्णुदास भाव्यांनी तिकीट लावून मराठी नाटकाचे प्रयोग केले.

आता जरा हिशोब करा. पहिली आगगाडी बोरीबंदरहून ठाण्याला गेली १६ एप्रिल १८५३ ला, म्हणजे त्याच वर्षी. आपल्याकडे रेल्वे यायला अजून कित्येक वर्षं होती. तरी भावे आपली मंडळी, पोशाख, मुखवटे, सामानसुमान घेऊन घाट ओलांडून मुंबईत पोचले होते. त्याच्या दहा वर्षं आधी, ५ नोव्हेंबर १८४३ ला, सांगलीत त्यांनी 'सीता स्वयंवर' केलं. तोच दिवस आपण मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळतो. तर पावणेदोनशे वर्षांमागे रस्ता धड नसताना नाटक इकडून मुंबईला गेलं. आज चौपदरी रस्ते आहेत, रेल्वे आहे, आणि नाटक बघायला आम्ही इकडून मुंबईला जातोय. प्रगती म्हणायची का हिला?

काळा घोडा परिसरात डेव्हिड ससून लायब्ररी बाहेरून बघितली. १८७० ची. तिथून राजाबाई टॉवरच्या बाजूने ओव्हल मैदानाकडे आलो. हा टॉवर १८७८ चा, प्रेमचंद रायचंद यांनी दिलेल्या देणगीतून झालेला, आणि नाव त्यांच्या आईचं. आत्या खूश झाली. म्हणाली, "आईच्या नावानं टॉवर बांधला. आमची पोरं आईच्या नावानं बॅनर लावतात." मैदानालगतच्या रस्त्याची पाटी वाचून मात्र ती थबकलीच. कर्मवीर भाऊराव पाटील मार्ग. आत्या रयतच्या शाळेत शिकलेली. कुंभोजच्या माणसाचं नाव विद्यापीठाच्या आणि हायकोर्टाच्या दारातल्या रस्त्याला आहे, हे तिला आजवर माहीत नव्हतं. पाटीसमोर काठी धरून फोटो काढून घेतला. तो फोटो आमच्या घरच्या ग्रुपवर सगळ्यात जास्त चालला.

ओव्हलवर एकाच वेळी दहा-बारा क्रिकेटच्या मॅच चाललेल्या. या मैदानाच्या एका अंगाला व्हिक्टोरियन गॉथिक इमारती आणि दुसऱ्या अंगाला आर्ट डेको. या सगळ्याला मिळून २०१८ साली जागतिक वारशाचा मान मिळाला. तिथून मरीन ड्राइव्ह. कठड्यावर बसलो. आत्या म्हणाली, "ही एक जागा बरीय बघ. बसायला पैसे नाहीत आणि कोण ऊठ म्हणत नाही." शेजारी कॉलेजची पोरं, पलीकडे एक कुटुंब डबा सोडून बसलेलं. समुद्र सगळ्यांना सारखाच.

मुंबईचं नुसतं कौतुक करायला मी बसलेलो नाही. फोर्टात एका स्वच्छतागृहाला कुलूप, दुसऱ्यात पाणी नाही. ७४ वर्षांच्या बाईला घेऊन पाऊण तास आम्ही जागा शोधत होतो. फुटपाथ मध्येच उखडलेले. ज्या शहराचा कारभार एवढ्या देखण्या इमारतीतून चालतो, त्याला बायकांसाठी वापरण्याजोगी स्वच्छतागृहं ठेवता येऊ नयेत?

गिरगावात ठाकुरद्वारला मिसळ खाल्ली. (गोड लागली. आपल्या माणसाला तिकडची मिसळ गोडच लागणार.) साहित्य संघ मंदिर बाहेरून बघितलं आणि मग ऑपेरा हाऊससमोर जाऊन उभे राहिलो. या इमारतीसाठी मी मुद्दाम वाट वाकडी केली होती.

रॉयल ऑपेरा हाऊस. पंचम जॉर्ज बादशहाच्या हस्ते १९११ साली उद्घाटन. बालगंधर्व, मास्टर दीनानाथ इथे गायले. पुढे सिनेमा आला, मग प्रेक्षक आटले, आणि १९९३ साली कुलूप लागलं. किती वर्षं? तेवीस! छत गळत होतं, बाल्कनी धोक्याची झाली होती, एक दिवस ही इमारत पाडणार असं लोक धरून चालले होते. पण मालकांनी आणि वास्तुजतन करणाऱ्यांनी नेट लावला आणि २०१६ साली ती पुन्हा उघडली. आत्या रस्त्याच्या कडेला उभी राहून बराच वेळ बघत होती. मग विचारलंच तिने. "तेवीस वर्षांनी उघडता येतं, मग आपल्याला चार वर्षांत काय झालंय रे?"

मला उत्तर देता आलं नाही.

जवळच ग्रँट रोडचा भाग. १९२१ साली तिथे 'संयुक्त मानापमान' झालं, टिळक स्वराज्य फंडासाठी. आपल्याकडच्या माणसांनी हे पाठ करून ठेवायला हवं. नाटक लिहिणारे खाडिलकर सांगलीचे. एक नट केशवराव भोसले, कोल्हापूरचे. दुसरे बालगंधर्व, ज्यांचं नाव आपल्या नागठाण्याशी जोडलेलं. तीन माणसं आपल्या पंचक्रोशीतली आणि प्रयोग मुंबईत, देशासाठी पैसा उभा करायला. त्याच वर्षी केशवराव गेले. आणि आज आपल्या गावात शाळेच्या पोरांना एकांकिका करायला स्टेज नाही.

चर्नी रोडहून लोकल धरून दादर. फुलबाजाराच्या गर्दीतून वाट काढत, कबुतरखान्यावरून प्लाझाच्या समोर शिवाजी मंदिर. १९६५ पासून उभं. खाली दुकानं, वर नाट्यगृह. बाहेरच्या फलकावर पुढच्या आठवड्याचे प्रयोग हाताने लावलेले. बुकिंगच्या खिडकीवर प्लॅन बघून एक आजोबा भांडत होते, "मला खांबाजवळची देऊ नका." आत्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. माहेरी आल्यावर होतो तसा.

नाटकाचं नाव लिहीत नाही. लिहिलं की कमेंटमध्ये नाटक बरं की वाईट यावरच दोन दिवस जातील. दोन अंकी, चार पात्रं. गावातला एकटा बाप आणि लांब राहणारा मुलगा. दुसऱ्या अंकात मुलाचा फोन येतो आणि बाप घरातलं सगळं बिघडलेलं असताना सांगत राहतो की इकडे अगदी मजेत आहे. बास, एवढंच. त्या दोन मिनिटांत अख्ख्या सभागृहात कोणी खोकलंसुद्धा नाही. माझ्या उजवीकडे आत्या रडत होती. तिच्या पलीकडची अनोळखी बाई पण रडत होती. त्या बाईने न बघताच आत्याच्या हातावर हात ठेवला. पुढच्याच मिनिटाला एक वाक्य असं आलं की दोघी डोळे पुसत हसत सुटल्या.

मोबाईलवर हे होत नाही. मोबाईलवर रडू येतं, हसूही येतं, पण शेजारी कोणी नसतं. नाटकात अनोळखी माणसं एकाच वेळी एकाच गोष्टीसाठी गप्प होतात. आपल्या गावात शेवटचं असं कधी झालं होतं? सभेत एकत्र येतो तेव्हा झेंडा असतो. लग्नात एकत्र येतो तेव्हा पंगत असते. जात, पक्ष, गल्ली विसरून अंधारात शेजारी-शेजारी बसायची आपल्या गावात एकच जागा होती. तिला आपण कुलूप लावलंय.

मध्यंतरात बटाटेवडा खाल्ला. आत्याने दोन खाल्ले आणि मला कोणाला सांगू नको म्हणाली. सांगितलं.

आता मूळ मुद्दा.

दिवसभरात जे बघितलं त्याचा अर्थ मला परतीच्या गाडीत लागला. स्टेशन, पालिका, लायब्ररी, विद्यापीठ, शिवाजी मंदिर, या सगळ्या जुन्या इमारती का टिकल्या? रोज वापरात आहेत म्हणून. वापरात असलेल्या इमारतीचा नळ गळला तर दुसऱ्या दिवशी कोणीतरी ओरडतं. कुलूप लावलेल्या इमारतीचं छप्पर पडलं तरी महिनाभर कळत नाही. 'दुरुस्तीसाठी बंद' ही पाटी लावली की दुरुस्ती तर होत नाहीच, वर बिघाड वाढत जातो.

आपल्या नाट्यगृहाचं हेच झालंय. आधी साउंड सिस्टीम बिघडली. मग खुर्च्या. मग छताचं पाणी स्टेजच्या फळ्यांवर आलं. तेव्हा दोन महिन्यांसाठी म्हणून बंद केलं. आज आत काय आहे? मी मागच्या महिन्यात मागच्या दाराच्या फटीतून बघून आलो. खुर्च्या उचलून एका कोपऱ्यात रचल्यात, स्टेजवर कसले तरी लोखंडी रॅक आणि खोकी. मेकअपरूमच्या खिडकीत कबुतरांनी संसार थाटलाय. बाहेरच्या भिंतीला मात्र मागच्या वर्षी नवा रंग दिलाय. भिंतीला रंग दिला की फोटो निघतो. वायरिंग बदललं तर फोटो निघत नाही.

कोणाचं नाव मी घेत नाही. या चार वर्षांत अधिकारी बदलले, पदाधिकारी बदलले, ठेकेदार बदलला. माझं भांडण एका माणसाशी नाही, आपल्या सगळ्यांच्या सवयीशी आहे. आपल्याला बांधायला आवडतं, सांभाळायला आवडत नाही. बांधण्यात नारळ असतो, कोनशिला असते, भाषण असतं. सांभाळण्यात काय असतं? झाडू, ग्रीस, फ्यूज आणि महिन्याचा पगार.

मुंबईतही सगळं आलबेल नाही, हे मला माहितीय. परळचं दामोदर नाट्यगृह १९२२ चं. गिरणगावातल्या कामगारांनी तिथे नाटकं केली आणि बघितली. २०२३ साली पुनर्विकासासाठी ते बंद झालं, तेव्हा कलाकार रस्त्यावर उतरले. बघा, मुंबईत इतकी नाट्यगृहं असताना एक बंद झालं तरी लोक ओरडले. आपल्याकडे एकुलतं एक बंद झालं आणि आपण? मीसुद्धा? चार वर्षांत एक अर्ज केला नाही. आज फेसबुकवर पानभर लिहितोय.

काही जण म्हणतील, "पाणी एक दिवसाआड येतंय, रस्त्यात खड्डे आहेत, आणि याला नाटक सुचतंय." बरोबर आहे. पाणी आधी. पण मला एक सांगा, नाट्यगृह बंद ठेवल्याने पाणी रोज यायला लागलं का? चार वर्षांत एक तरी खड्डा त्या पैशातून बुजला का? जो कारभार एक हॉल धड ठेवू शकत नाही तो पाण्याची योजना धड ठेवेल, असं मला वाटत नाही. दोन्हीकडे रोग एकच, देखभालीचा.

दुसरा आक्षेप असा की मल्टिपर्पज हॉल बांधून दिलाय, तिथे करा नाटक. ज्यांनी तिथे नाटक करून बघितलंय त्यांना विचारा. विंगा नाहीत, लाइट टांगायला जागा नाही, मागे बसणाऱ्याला शब्द ऐकू येत नाही, नुसता घुमारा येतो. तो हॉल जेवणावळीसाठी चांगला आहे. नाटकाला नाट्यगृहच लागतं.

तिसरा आक्षेप मात्र खरा आहे आणि तो आपल्यालाच लागतो. "लोक येतच नाहीत हो." बाहेरून नाटक येतं म्हणजे काय येतं? नेपथ्याचा टेम्पो, कलाकारांची बस, लाइटवाले, साउंडवाले, मेकअपवाले, कपडेपट, मिळून वीस-पंचवीस माणसं. त्यांचं राहणं-खाणं, हॉलचं भाडं, डिझेल. हे सगळं तिकिटांतून निघायचं असतं. आणि आपण काय करायचो? पास मागायचो. "अरे, दोन पास बघ की." मीसुद्धा मागितलेत. पुढच्या तीन रांगा पासवाल्यांच्या, आणि तिकीट काढून आलेला मागे. वर नाटक संपायच्या आत उठून आपण पार्किंगमधून गाडी काढायला पळणार. असा प्रेक्षक असेल तर कोण येईल पुन्हा? नाट्यगृह बंद पडायच्या आधीच आपण ते अर्धं बंद पाडलं होतं, हे कबूल करू या.

या रविवारचा माझा खर्च सांगतो. दोघांचं जाण्या-येण्याचं स्लीपरचं भाडं, टॅक्सी, लोकल, खाणं आणि नाटकाची दोन तिकिटं मिळून साडेतीन हजारांच्या घरात गेला. दोन रात्री गाडीत. मला परवडलं, आत्याचा गुडघा कसाबसा टिकला. पण बाजारपेठेत हमाली करणाऱ्याला, भाजी विकणाऱ्या मावशीला, आपल्या जिल्हा परिषद शाळेतल्या मुलीला हे जमेल? तिच्या गावात नाट्यगृह चालू असतं तर ती शंभर-दोनशे रुपयांत मागच्या रांगेत बसून तेच नाटक बघू शकली असती. कोण जाणे, उद्या स्टेजवरही उभी राहिली असती. खाडिलकर, देवल, केशवराव हे काही मुंबईत जन्मलेले नव्हते. आपल्याच मातीतले होते. ती माती आता कुठं गेली? इथंच आहे. फक्त दाराला कुलूप आहे.

आणि नुकसान फक्त बघणाऱ्यांचं नाही. आपली हौशी मंडळी राज्य नाट्य स्पर्धेची तालीम आज देवळाच्या सभामंडपात करतात, आरतीची वेळ झाली की थांबायचं. जे दोघं-तिघं लाइट लावायचे ते आता लग्नाच्या डीजेवर जातात. गेटवरचा चहाचा गाडा गेला. एक नाट्यगृह बंद झालं की त्याच्याभोवतीची दहा-बारा चुली पण विझतात.

म्हणून मागण्या. नुसती रडगाणी नकोत.

पहिली, कामाचा फलक लावा. किती काम झालं, किती राहिलं, किती पैसे आले, किती गेले, कधी उघडणार. तारखेसकट. गेटवर, मोठ्या अक्षरात.

दुसरी, उघडायच्या आधी वायरिंगची आणि आग विझवण्याच्या सोयीची तपासणी नीट करा आणि तिचा अहवाल लोकांना दाखवा. कोल्हापूरची रात्र डोळ्यांसमोर असताना हे कागदावर उरकू नका.

तिसरी, रॅम्प, जिन्याला धरायला कठडा, आणि बायकांसाठी पाणी असलेली स्वच्छतागृहं. नाटकाला येणाऱ्यांत निम्मे साठीच्या पुढचे असतात. त्यांच्या गुडघ्यांचा विचार आधी, बाहेरच्या कारंज्याचा नंतर.

चौथी, देखभालीसाठी दरवर्षी वेगळी रक्कम, आणि एक कायमचा माणूस ज्याला स्टेजचं काम कळतं. चौकीदाराच्या भरवशावर नाट्यगृह चालत नाही.

पाचवी, महिन्यातले ठरावीक शनिवार-रविवार फक्त नाटकासाठी. पक्षाचा मेळावा आला म्हणून नाटकाची तारीख काढून घ्यायची नाही. एकदा तारीख गेली की नाटकवाले पुन्हा फिरकत नाहीत. आणि हौशी, शाळा-कॉलेजच्या प्रयोगांना भाडं कमी.

सहावी मागणी आपल्या स्वतःकडे. पास मागायचा नाही. तिकीट काढायचं. मी आजपासून बंद केलंय, तुम्ही साक्षीला आहात.

येत्या ५ नोव्हेंबरला, रंगभूमी दिनाला, सकाळी १० वाजता मी आपल्या नाट्यगृहाच्या गेटवर असेन. घोषणा नाहीत, झेंडा नाही, कुठल्याही पक्षाचा नाही. हातात या सहा ओळींचा अर्ज असेल, सही करायची असेल तर या. घरात जुनं तिकीट, जुना फोटो, एकांकिकेतलं बक्षीस असेल तर घेऊन या. आणि तोवर कमेंटमध्ये एवढंच लिहा की आपल्या नाट्यगृहात तुम्ही शेवटचं नाटक कोणतं बघितलं, कोणाबरोबर. मला ती यादी अर्जाला जोडायची आहे. त्यांना कळू दे की आत खुर्च्याच नाही, माणसांच्या आठवणी पण रचून ठेवल्यात.

रात्री दादरला महालक्ष्मी पकडली. आत्याला खालचा बर्थ मिळाला होता. दोन्ही तिकिटांची अर्धुकं तिने चष्म्याच्या डबीत ठेवली. दिवा घालवायच्या आधी म्हणाली, "लई छान झालं बघ. पण पुढच्या वेळेला मला एवढ्या लांब आणू नको."

मी म्हटलं, "दमलीस का?"

"दमले नाही. मला कशाला नेतोस तिकडं? नाटकच आण की इकडं."